अडथळा हटवून फोटो घ्यावा

दिग्रसच्या जिनिंगचा भोंगा यंदा दिवसातून एकदाच वाजतो.

बेशरमाचा चीक हाताला लागला की साबणाने जात नाही. आधी पांढरा, मग काळा, मग नुसताच चिकटपणा उरतो.

फोटो क्रमांक चार हजार एकशे बारा. खड्डा नाही. झुडूप. खात्री अठ्ठ्याऐंशी टक्के.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत निघालं ते असं : टाचण्यांची डबी, तीन चष्मे, अर्जांच्या कार्बन प्रती एकशे नव्वद, तारीखवार लावलेल्या.

बकरी काय खाते आणि काय खात नाही हे इंजिनीअरिंगच्या चारही वर्षांत कुठे शिकवत नाहीत.

"काल मोरीपाशी सायकलवाला पडला, साहेब. डोकं फुटलं त्याचं."

सूचना आठ : अडथळा हटवून त्याच जागेचा दुसरा फोटो घ्यावा.

धाड.

दिग्रसहून दारव्ह्याकडे निघालेल्या काळ्यापिवळ्या जीपचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि आत कोंबलेल्या चौदा माणसांची डोकी एकदम टपाला लागली, तेव्हा मंजुषा खड्ड्यांचाच विचार करत होती. यात नवल काही नव्हतं. गेले चार महिने ती दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हती. यवतमाळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ती शिकवायची आणि कॉलेजकडे रस्त्यांचं एक काम आलं होतं. गाडीच्या काचेला मोबाइल चिकटवायचा, गाडी रस्त्यावरून फिरवायची, मोबाइल सेकंदाला एक फोटो काढणार, आणि ते फोटो बघून यंत्राने सांगायचं : ही भेग, हा खड्डा, हे थिगळ, ही खचलेली कड. त्यातून दुरुस्तीची यादी. पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. माणसाने बसून हजारो फोटोंवर हाताने चौकटी काढायच्या, प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं, तेव्हा कुठे ते आपलं आपण चौकटी काढू लागतं. या चौकटी मंजुषाने वडिलांच्या जुन्या टेबलावर बसून काढल्या होत्या, इतक्या की डोळे मिटले तरी पापणीच्या आत हिरव्या रेघांचे चौकोन उघडझाप करत. भाजीवाल्याच्या हातावरची जखमही तिला आधी चौकटीत दिसायची आणि मग जखम म्हणून. आज ती दिग्रसच्या रस्ते कार्यालयात यादीचा कच्चा खर्डा देऊन परत निघाली होती, बस चुकली म्हणून जीपमध्ये बसली होती, आणि डोक्याला टेंगूळ येतंय का हे बोटांनी चाचपत होती.

"इथलं झाड कोनं उपटलं बापा?" शेजारी बसलेली बाई म्हणाली.

साठीची बाई होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीला दोन्ही हातांची मिठी. दिग्रसपासून ती एक शब्द बोलली नव्हती, नुसती खिडकीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड बघत होती.

"मले दिसलंच नाई न, मावशी," ड्रायव्हर गाडी थांबवून चाक बघायला उतरता उतरता म्हणाला. "मागच्या हप्त्यात होतं. बेशरम होतं मोठं, फुलासगट."

"काल पऱ्हाटी होती," मागून एक म्हातारा म्हणाला.

"पऱ्हाटी लावतेत का कोनी? वाळली कपाशी ते. बकऱ्या खाऊन गेल्या असतीन."

"यंदा अळीनं बोंडं खाल्ली, बकऱ्यांनी पऱ्हाटी खाल्ली, आपल्याले काय उरलं?"

"तुले खड्डा उरला. बस त्याच्यात."

सगळे हसले. मंजुषाही हसणार होती, पण काहीतरी अडलं. "कोणतं झाड?" तिने शेजारच्या बाईला विचारलं.

"खड्ड्यातलं, बाई. खड्डा पडला का त्याच्यात बेशरमाची फांदी खोचतेत. दुरून दिसते न ते. गाडीवाला वळवून घेते."

"कोण खोचतं?"

"कोन म्हंजे?" बाईला प्रश्नच कळला नाही. "ज्याले दिसला तो."

मग ती पिशवी मंजुषाच्या मांडीवर ठेवून खाली उतरली. रस्त्याकडेच्या नालीत बेशरम माजलेलं होतं, माणसाच्या उंचीचं, जांभळट फुलांचं. बाईने हातभर फांदी मोडली, खड्ड्याच्या मधोमध उभी केली, बुडाशी दोन दगड लावले, एकदा हलवून बघितली. "मावशी, सरकारी नोकरी लागली का तुले?" आतून कोणीतरी ओरडलं. "नाई रे," ती म्हणाली, "ह्या ड्रायव्हरच्या डोळ्याले नंबर लागला, म्हून लावून राह्यली." ती परत येऊन बसली तेव्हा तिच्या बोटांवर पांढरा चीक होता आणि तिने तो सवयीने सीटच्या रेक्झिनला पुसला. कच्चा, कडवट, जरा दुधासारखा वास आला. मंजुषा डोक्यावरचं टेंगूळ विसरली.

कारण ती झाडं तिने उपटायला सांगितली होती. असं झालं होतं : याच रस्त्याच्या फोटोंमध्ये यंत्राला सेहेचाळीस ठिकाणी झुडूप सापडलं होतं, आणि तेही कडेला नाही, ऐन डांबरावर, मधोमध. सूचनांचा कागद तिनेच लिहिलेला. सूचना सात : रस्त्यावर फांदी, झुडूप, गवत दिसल्यास 'अडथळा' अशी नोंद करावी, खड्डा धरू नये. झाडांच्या फांद्या तुटून पडतात, वाऱ्याने येतात, बैलगाडीतून सांडतात, असं तिने मनाशी ठरवलं होतं आणि ते इतकं सरळ होतं की कोणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. पण सेहेचाळीस म्हणजे फारच, म्हणून मागच्या आठवड्यात तिने आठवी सूचना लिहिली आणि गाडी फिरवणाऱ्या बळीरामला मोबाइलवर पाठवली. अडथळा हटवून त्याच जागेचा दुसरा फोटो घ्यावा. बळीरामने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. दोन दिवसांनी 'झालं' एवढा एक शब्द. फोटो अजून यायचे होते. म्हणजे सेहेचाळीस खड्ड्यांतून सेहेचाळीस फांद्या निघाल्या होत्या, आणि यंत्र तर यंत्र, त्याला काय ठाऊक. पण ती चाळीस वर्षं या जिल्ह्यात राहत होती, बसच्या खिडकीतून तिने ही झाडं शेकडो वेळा बघितली असणार, आणि बघूनही तिला ती दिसली नव्हती.

"तुम्ही कुठे निघालात, मावशी?" तिने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"यवतमाळ. दवाखान्यात." बाईने पिशवी परत घेतली. "माहा पोरगा पडला काल सकाळी गाडीवरून. संजय. लोकं म्हनतेत, सतराच्या दगडापाशी, खड्ड्यात. म्हून मी पाहून राह्यली होती कुठचा खड्डा." तिने मान वळवून मागे पडत चाललेली फांदी बघितली. "हाच असन."

"आता कसा आहे?"

"सून हाये त्याच्यापाशी, उज्ज्वला. तिचा फोन कालपासून बंद येते. कोनी म्हनते हात गेला, कोनी म्हनते डोक्याले लागलं. कोनाले काय माहीत?"

मंजुषाने मोबाइल काढला आणि बळीरामला फोन लावला. लागला नाही. तो उमरखेडच्या बाजूला होता, तिकडे रेंज येते-जाते. पुन्हा लावला. बाहेर काळ्या रानात कपाशी उभी होती, पण ती उभी होती एवढंच. बोंडं उकललीच नव्हती, अळीने आतून पोखरलेली, फांदीला काळ्या गाठी लटकाव्यात तशी. काही वावरांत नांगर फिरला होता आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर पडले होते. जानेवारीत या रस्त्याच्या दोन्ही कडांना एरवी कापसाचे पुंजके अडकलेले असतात, गाड्यांतून उडालेले, आणि चौकटी काढताना तिला सुरुवातीला तीच भीती होती, की यंत्र त्या पांढऱ्या पुंजक्यांना काहीतरी भलतंच समजेल. यंदा ती अडचण आलीच नाही. तिने कागदावर लिहिलंही होतं : कापसाचा प्रश्न उद्भवत नाही. हे वाक्य आता तिला आठवलं आणि तिने मोबाइल पालथा घालून मांडीवर ठेवला. बोटांना चिकट लागलं. तिने फांदीला हात लावला नव्हता, पिशवीच्या बंदाला चीक लागला होता तो हाताला आला होता, एवढंच. पण बोटं एकमेकांना चिकटून सुटतानाचा तो बारीक आवाज तिला ऐकू आला, जीपच्या एवढ्या खडखडाटात, आणि तो आवाज आजचा नव्हता.

तो स्कूटरवरचा होता. हाच रस्ता, शहाऐंशीचा डिसेंबर, ती नऊ वर्षांची, वडिलांच्या पुढ्यात हँडलला धरून उभी. दिग्रसला मावशीकडे आदल्या दिवशी जेवायला जाऊन, रात्र तिथेच काढून, रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला दारव्ह्याला परत. वडील, मधुसूदनराव, दारव्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क. उशीचा अभ्रा वाकडा असला तर झोप येत नसे त्यांना. जेवताना मिठाची वाटी बोटभर सरकवून जागेवर ठेवत. रस्त्यावर मधोमध काही पडलेलं दिसलं की स्कूटर स्टँडवर लावून ते बाजूला करत, आणि त्या दुपारी ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे तशीच एक फांदी होती, जांभळ्या फुलांची. "मंजू, उतर. फेक ते तिकडे." तिने दोन्ही हातांनी ओढली. ती सहज निघाली नाही, दगडांत घट्ट बसली होती, आणि हे तिला आता आठवलं, दगड. दगड आठवले नव्हते इतकी वर्षं. फांदी निघाली तेव्हा खाली चांगला गुडघाभर खड्डा होता आणि वडिलांनी तो बघितला, नीट, वाकून, चष्मा सावरून. "खड्डा आहे तर अर्ज करावा माणसाने," ते म्हणाले. "झाडं काय लावतात! आचरटपणा." घरी आल्यावर त्यांनी चहाच्या आधी अर्ज लिहिला, कार्बन घालून, सुवाच्य. सदर खड्डा तातडीने बुजविण्यात यावा. ती शेजारी बसून हाताचा चीक रॉकेलने काढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतला शिपाई नानाजी फायली घेऊन घरी आला आणि दारातूनच म्हणाला, काल मोरीपाशी सायकलवाला पडला, साहेब, डोकं फुटलं त्याचं. वडील पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली, मग घडीची घडी, मग आणखी एक, जेवढा होईल तेवढा तो लहान केला. त्यानंतर तीस वर्षं ते अर्ज लिहीत राहिले, पण रस्त्यातली फांदी काढायला पुन्हा कधी थांबले नाहीत. मोरी आली की त्यांची पाठ ताठ व्हायची, पुढे उभ्या असलेल्या तिला ती दिसायची नाही, पण छातीच्या हालचालीतून कळायची. नऊ वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं होतं की फांदीचं काहीतरी होतं. काय, ते नाही. ते कळायला एक यंत्र लागलं, चार महिने लागले, आणि मांडीवर पिशवी घेतलेली एक आई लागली.

दारव्ह्याला बाजाराचा दिवस होता. जीपने स्टँडच्या बाहेर उतरवलं. यवतमाळची बस अर्ध्या तासाने होती. दोघी बाकावर बसल्या, कारण दोघींना तीच बस पकडायची होती आणि वेगळं बसण्याचं काही कारण नव्हतं. बाईने आपलं नाव सांगितलं, बिजलीबाई, दिग्रसच्या अलीकडचा तांडा. मंजुषाने आपलं सांगितलं. बिजलीबाईने पिशवीतून फडकं काढलं, त्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा, आणि अर्धी भाकरी मंजुषापुढे धरली. "घ्या. पोरासाठी केल्या होत्या, पन लई झाल्या." मंजुषाने घेतली आणि हातात धरून ठेवली. बळीरामला तिने आतापर्यंत बारा वेळा फोन लावला होता. समोर एक माणूस कांद्याच्या पाट्या उतरवत होता, पाटी, पाटी, पाटी, आणि प्रत्येक पाटीबरोबर तिला वाटत होतं की ही उतरली की बोलायचं. एकदा घडी घातलेला पेपर पुन्हा उलगडत नाही. वडिलांनी उलगडला नाही, तिने उलगडला नाही, आणि तीस वर्षं तो दोघांच्या मध्ये तसाच, लहान, कडक, पडून राहिला.

"मावशी, ती झाडं मी काढायला सांगितली होती."

"कोन्ती?"

"खड्ड्यांतली. या रस्त्यावरची सगळी. सेहेचाळीस."

बिजलीबाई घास चावत होती. तिने तो पुरा चावला. "कायले?"

"फोटो काढायचे होते खड्ड्यांचे. दुरुस्तीसाठी."

"फोटोत झाड आलं तं काय बिघडते? झाडच नसन तं खड्डा कसा दिसन दुरून?"

"आम्हाला वाटलं कचरा आहे."

"आमाले म्हंजे कोनाले?"

"मला," मंजुषा म्हणाली.

बिजलीबाईने तिच्याकडे पाहिलं, साडीकडे, पर्सकडे, चपलांकडे, पुन्हा तोंडाकडे. "तुमी यवतमाळच्याच न?"

"हो."

"मंग?"

त्या 'मंग'मध्ये राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. नुसता प्रश्न होता, सरळ, उत्तराची वाट बघणारा. बिजलीबाईने फडक्याची गाठ मारली, पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि दोघींच्या मधली जागा एकाएकी मोकळी झाली. ही जागा दूर सरकण्यासाठी केली की काय, हे मंजुषाला कळेना. कांद्याच्या पाट्या संपल्या होत्या.

आणि पिशवीत फोन वाजला.

बिजलीबाईला तो सापडेना. तिने भाकरी काढली, चादर काढली, स्टीलचा डबा काढला, डबा मंजुषाच्या हातात दिला, आणि तळातून फोन काढून तो कानाला लावण्याच्या आधीच बोलायला लागली. गोरबोलीत, तांड्यावरच्या बंजारा बोलीत. मंजुषाला त्यातलं काही कळत नव्हतं. पलीकडून एक पुरुषी आवाज आला, त्यातला 'याडी' एवढा एकच शब्द तिने ओळखला. तांड्यावरच्या मुली कॉलेजात आईला फोनवर तशीच हाक मारायच्या. म्हणजे तो बोलत होता. मुलगा स्वतः बोलत होता. मंजुषा डबा धरून बसली आणि बिजलीबाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जसं ती पडद्यावरच्या फोटोकडे बघत असे, कुठे भेग, कुठे खच, कुठे सावली आणि कुठे खरंच काही तुटलंय. भुवया वर गेल्या. मोकळा हात हवेत थांबला. ओठ घट्ट झाले. मग बिजलीबाई एवढ्या जोरात ओरडली की कंडक्टरने वळून पाहिलं, आणि ओरडता ओरडताच पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"रोही!" फोन बंद करून ती म्हणाली. रोही म्हणजे नीलगाय. "रोही आला म्हनते आडवा. एवढा घोड्यायेवढा. खड्डा नाई अन् काई नाई. सतराचा दगड तं लई मागं राह्यला होता, नाल्याच्या पुलापलीकडे, साफ रस्त्यावर. मी म्हनलं, काहून रे, एवढा मोठा रोही तुले दिसला नाई? तं म्हनते, याडी, मले तो दिसला, त्याले मी नाई दिसलो."

"लागलंय किती?"

"हसळीचं हाड मोडलं. गळ्यात पट्टा बांधला. उज्ज्वला चार्जर विसरली म्हून फोन बंद होता, बाजूच्याच्या फोनवरून बोलला. अन् म्हनते येताना दारव्ह्याहून जिलेबी आन." तिने डोळे पुसले. "मरू घातला होता, जिलेबी पायजे त्याले."

मंजुषाच्या हातात अजून डबा होता आणि डब्यावर ती अर्धी भाकरी. तिने मोठा तुकडा मोडला, ठेचा लावला आणि खाल्ला. मग दुसरा. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं हे तिला आता कळलं. ठेचा भयंकर तिखट होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते ठेच्याचंच आहे असं दोघींनी धरून चाललं. अंगातून काहीतरी सैल होत होतं, खांद्यांपासून, मानेपासून, टाचांपर्यंत. स्टँडवरचे आवाज जे मघापासून एका भिंतीसारखे होते ते सुटे झाले : उसाच्या गाड्याचं घुंगरू, भोंग्यावर चुकलेल्या माणसाचं नाव, आणि कोणाचं तरी पोर, जे रडत नव्हतं, नुसतं ओरडून बघत होतं.

बळीरामचा फोन आला तेव्हा दोघी जिलेबीच्या दुकानासमोर उभ्या होत्या.

"मॅडम, बारा मिसकॉल! का झालं? मले वाटलं कॉलेज जळालं."

"बळीरामभाऊ, ती झाडं तुम्ही उपटून कुठे टाकली?"

"कोन्ती झाडं?"

"रस्त्यावरची. सूचना आठ."

"टाकतो कायले? उपटलं, फोटो काढला, पुन्हा लावलं. दगड ठेवून. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. म्हूनच तं दोन दिवस लागले, नाईतर एका दिवसात आलो असतो. मी काय येडा हाये का, मॅडम? मले त्याच रस्त्यानं घरी जावं लागते."

मंजुषा दुकानाच्या पायरीवर बसली. "मला सांगितलं का नाही मग? ते कशासाठी असतं ते?"

"आता घ्या! मले वाटलं तुमाले माहीत हाये. लहान पोराले माहीत हाये. मले वाटलं तुमच्या यंत्राले झाड चालत नसन, त्याची काही तब्येत बिघडत असन."

"सतराच्या दगडापाशी काय लावलं होतं?"

"तिथलं मोडलं माह्या हातून," बळीराम म्हणाला. "शेवटचं होतं ते, उन्हानं अंग भाजलं होतं, नालीत कोन उतरते. बांधावर पऱ्हाटी होती, खोचली. खाल्ली का बकऱ्यांनी?"

"खाल्ली."

"वाटलंच मले. उद्या लावतो."

"लावलंय. मावशींनी लावलंय."

"कोन मावशी?"

"मोठी गोष्ट आहे," मंजुषा म्हणाली. "फोटो पाठवा. दोन्ही पाठवा. झाडासकट आणि झाडाशिवाय. एकही टाकून देऊ नका."

हे बोलताना तिला कळलं की आपण काय बोललो. एकाच जागेचे दोन फोटो, सेहेचाळीस जोड्या, झाड असताना आणि झाड काढल्यावर. यंत्राला शिकवायला याहून चांगलं काही पैसे देऊनही मिळालं नसतं. त्याला आता सांगता येणार होतं की डांबराच्या मधोमध उभं असलेलं, बुडाशी दगड असलेलं झुडूप म्हणजे खाली खड्डा आहे, आणि साधा नाही. ज्याच्यासाठी कोणीतरी गाडीवरून उतरलं, नालीत गेलं, हात चिकट करून घेतले, असा. यादीत तो सगळ्यात वर. पक्की यादी सोमवारी जायची होती. आज शनिवार. वेळ होता.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. बिजलीबाई शेजारी जिलेबीचा पुडा उभा धरून बसली होती, पाक सांडू नये म्हणून, आणि दर पाच मिनिटांनी आपल्याशीच हसत होती : मले तो दिसला, त्याले मी नाई दिसलो. मंजुषाने पर्समधून सूचनांचा कागद काढला. सात खोडली, आठ खोडली. सातच्या जागी लिहिलं : खड्ड्यात लावलेली फांदी ही खड्ड्याचीच नोंद समजावी. वाचून बघितलं. भाषा वडिलांची होती, सदर आणि समजावी. तिला हसू आलं. त्यांना ही सूचना आवडली असती. कदाचित शहाऐंशीमध्ये नाही, पण पुढे कधीतरी, एकशे नव्वदाव्या अर्जाच्या सुमाराला, जेव्हा त्यांनाही कळलं असेल की त्यांचा अर्ज आणि ती फांदी एकच काम करत होते, आणि फांदी ते लवकर करत होती. बाहेर रस्ता मागे जात होता आणि आता तिला ती दिसत होती, एक, पुढे वळणावर दुसरी, एका ठिकाणी बेशरमाच्या फांदीला कोणीतरी लाल चिंधीही बांधली होती. एकाला तर पालवी फुटली होती. चौकटी नव्हत्या. नुसती झाडं होती. तिने मोजायला सुरुवात केली आणि सहाव्यानंतर सोडून दिली.

सतराच्या दगडापाशी एक दिवस जागा उघडी होती, हे खरं होतं. तिथे कोणी पडलं नाही, हेही खरं, पण ते तिच्यामुळे नव्हे. एवढं तिने आपल्याकडे ठेवून घेतलं. आणि मोरीपाशी डोकं फुटलेल्या त्या सायकलवाल्याचं काय झालं, हे विचारायला आता वडील नव्हते, नानाजी नव्हता, ती मोरीसुद्धा रस्ता रुंद करताना गेली. ते कळणार नाही, हे तिने आज पहिल्यांदा स्वतःला सांगितलं. सांगून झाल्यावर खिडकीची काच सरकवली. वारा आला. बोटं अजून थोडी चिकटत होती.

"जिलेबी घेता का एक?" बिजलीबाई म्हणाली. "त्याले काय मोजून मागितली होती?"

शहाऐंशीच्या डिसेंबरात मोरीपाशी पडलेला सायकलवाला किसनराव नावाचा शिंपी होता; तो रविवारी सकाळी नऊ वाजता पडला, आणि डोक्याला रुमाल बांधून, पुन्हा सायकलवर बसण्याआधी, मंजूने दुपारी उपटलेली ती फांदी खड्ड्यात त्यानेच लावली होती.